दादाचं खुरपं आणि माझी मिशी

मिशी ज्याच्या ओठावर उगवते त्याची, की त्याच्या बापाची? हे मी मामाला विचारलं, खुद्द बापाला, आबांना विचारलं, गल्लीतल्या शहाण्यांना विचारलं. कुणी उत्तर देत नाही. मीच आगाऊ ठरतो.

चहा संपेपर्यंत बसणारच आहात, तर ऐका माझा पराक्रम.

दादा गेला त्याला अजून महिना झाला नाही. गिरणीत होता. आमच्या गल्लीत यंत्राचा, पातं बसवायचा वस्तरा वापरणारा तो एकटाच. रोज सकाळी ओट्यावर आरसा टेकवून असा फेस काढायचा की जाणारा-येणारा थांबून बघायचा. आबा त्या वस्तऱ्याला खुरपं म्हणायचे. तापानं पडला तशी दाढी वाढली. गाल खाजवत मला म्हणायचा, "उद्या कर रं माझी दाढी."

मी म्हणायचो, "ऊठ की आधी. तुझी तूच कर."

उठला नाही.

बाहेर मामा तिरडी बांधत होता. मी वस्तरा काढला तसे आबा म्हणाले, "आता कशाला? जळायचंच हाय."

"जळायचं हाय म्हून काय असंच जायचं?"

आबा परसात गेले.

पण ते यंत्र मी कधी हातात धरलं नव्हतं. दादाला कापलं तर? म्हणून न्हाणीत जाऊन आधी स्वतःवर हात बसवायला घेतला. समोरच्या अक्कानं दिलेलं गरम पाणी, साबण, गालभर फेस. उघड सांगतो, सुख वाटलं. त्या घरात, त्या दिवशी. काय म्हणायचं ते म्हणा. फेसाखाली दाढी कुठं संपते आणि मिशी कुठं सुरू होते, ते मात्र ना पात्याला कळलं ना मला. तोंड धुतलं तर अर्धी मिशी गेलेली. अर्ध्या मिशीनं भावाला खांदा द्यायचा? उरलेलीही काढली.

पाणी गार झालं होतं. दादासाठी गरम आणायला तांब्या घेऊन तसाच अक्काकडं निघालो.

आता आमच्यात मिशी उतरवतात ती बाप गेला तरच. अक्कानं माझा ओठ बघितला आणि "अय्यो, म्हातारं बी गेलं" म्हणत मटकन खाली बसली. बायकांनी नव्यानं सूर धरला. मी "न्हाय, न्हाय" म्हणतोय, तर मामानं माझं तोंड छातीशी दाबलं. "रड लेकरा, रड." सदऱ्यात तोंड, बोलू कसा? तोवर दोघं आणखी बांबू आणायला पळालेसुद्धा.

बांबू आले आणि परसातून आबाही आले.

"ही दुसरी तिरडी कुणाची रं?"

बांबू आणणाऱ्यांनी मामाकडं बघितलं. शेवटी मामा म्हणाला, "दाजी, तुमचीच की."

आबांनी माझ्याकडं बघितलं. "खुरप्यानं केलंस?"

"व्हय."

"बाप जिता असताना?"

"त्याला कापू नये म्हून माज्यावर शिकलो. मारायचं तर मागनं मारा. आधी दाढी करू द्या."

आबा आत गेले, दादाचं डोकं मांडीवर घेऊन बसले. "ये," म्हणाले. "त्याच्या मिशीला हात लावू नगं."

दाढी केली. कुठं कापलं नाही. दादा दाढीनंतर वासाचं पाणी लावायचा, ते त्याला लई झोंबायचं. ती बाटली काढून मी त्याच्या दोन्ही गालांना लावलं, आणि सगळ्यांसमोर, येड्यासारखा, फुंकर घालत बसलो.