लहान हातांना अडचण नाही

हे घरात कुणाला ठाऊक नाही. आईला नाही, बाबांना नाही. वॉटर्लूला ज्याच्यासोबत बेसमेंट शेअर करतो त्या रूममेटलाही नाही. दोनतीनदा अगदी तोंडापर्यंत आलं आणि मी विषय बदलला. तुम्हाला का सांगतोय, ते मलाही नीट कळत नाही. बहुतेक दमलोय म्हणून. एखादी गोष्ट लपवायची तर ती एकदाच लपवून भागत नाही, रोज थोडी थोडी लपवावी लागते — हे मला आधी माहीत नव्हतं.

गोष्ट दिसायला बारीक आहे. दोन पिस्तुलं होती. दोन्ही चालवून बघायची आणि कोणतं बरं वाटलं ते एका फॉर्मवर लिहायचं. एवढंच. त्यात कसला आलाय गुन्हा?

थोडं मागून सांगतो.

आम्ही कराडकडचे. बाबा ट्रक चालवतात. देश सोडून इकडे ब्रॅम्पटनला आलो तेव्हा मी नववीत होतो. आमच्या घरात कॉलेजला गेलेला मी पहिलाच. त्यामुळे कॉलेजात काय विचारायचं, कुणाला विचारायचं, हेही मला कुणी सांगणारं नव्हतं. पण नोकरी मिळवून देणारे होते — सावंतकाका. बाबांच्या ओळखीचे. एटोबिकोला एअरपोर्टजवळ एक कंपनी आहे, बँकांची आणि दुकानांची रोकड चिलखती गाड्यांतून पोचवते. काका तिथे जुने. त्यांनीच मला चिकटवलं. कोर्स केला, परीक्षा दिली, लायसन्स मिळालं आणि विसाव्या वर्षी मी कमरेला पिस्तूल लावून ड्यूटी करू लागलो. सुट्टीत पूर्ण वेळ, एरवी शनिवार-रविवार. इथे आता साध्या माणसाला पिस्तूल विकत घेता येत नाही, पण आमच्यासारख्या गार्डांना कामापुरतं मिळतं. आईने माझा युनिफॉर्ममधला फोटो गावी पाठवला. पिस्तूल दिसेल असा.

गाडीवर मला सुनीताताईंच्या हाताखाली दिलं होतं. ताई नागपूरच्या. वय चाळिशीच्या आसपास, उंची माझ्या खांद्याला. कुठल्या दारावर नजर ठेवायची, पाठ कशाला टेकवून उभं राहायचं, बर्फावर बॅग घेऊन उतरताना पाय कसा टाकायचा — हे सगळं मला त्यांनी शिकवलं. त्यांची ड्यूटी पहाटे सुरू व्हायची आणि दुपारी दोनला संपायची. मग त्या थेट मुलीच्या शाळेच्या गेटवर. नवरा सोडून गेलेला. त्या ड्यूटीवर त्यांचं सगळं घर उभं होतं. हे मला माहीत होतं. हे मला चांगलं माहीत होतं — हे आधीच सांगून ठेवतो.

तर, कंपनीला जुनी पिस्तुलं बदलायची होती. दोन मॉडेल निवडली होती. दोन्ही छोटी, नऊ एमएमची, दिसायला इतकी सारखी की मॅनेजरने त्यांच्या मुठींना टेप लावला होता. एकाला निळा, एकाला पिवळा. एका मंगळवारी आम्हा सगळ्यांना नेमबाजीच्या रेंजवर बोलावलं. प्रत्येकाने दोन्हींतून पन्नास-पन्नास राउंड मारायचे आणि फॉर्म भरायचा.

आधी निळं घेतलं. मूठ किंचित जाड. किंचित म्हणजे किती? दोन पुठ्ठ्यांइतकी असेल. पण बोटाचं टोक ट्रिगरवर नीट येईना. आणायचं तर अख्खी पकड फिरवावी लागायची आणि मग प्रत्येक गोळीचा धक्का अंगठ्याच्या बुडाशी बसायचा. गोळी आत घ्यायला वरची स्लाइड मागे खेचताना तर दात आवळावे लागले. टार्गेटवर माझी भोकं डावीकडे विखुरली होती, कुणी मूठभर तांदूळ भिरकावल्यासारखी. मग पिवळं घेतलं. हातात आलं आणि बसलं. दुसरा शब्द नाही. भोकं इतकी जवळजवळ पडली की वर चहाचा कप ठेवला असता तर झाकली गेली असती.

म्हणजे निवड करायला अवघड काही नव्हतंच. मला उत्तर माहीत होतं. माझ्या हाताला माहीत होतं.

रेंजवरून बाहेर आलं की गार पाण्याने हात धुवायचे असतात, शिशाची पूड असते म्हणून. सिंकपाशी मी आणि ताई शेजारी होतो. त्या हळूच म्हणाल्या, "निळ्याला माझं बोट पोचूनच नाही राहिलं रे. तुझं पोचलं?"

मी म्हणालो, नाही पोचलं.

"मग लिहिशील ना तसं? मी एकटीने लिहिलं तर म्हणतील, बाईची कटकट आहे. तू लिहिलंस तर ऐकतील." आणि त्यांनी त्यांचा ओला पंजा माझ्या पंजाला लावून दाखवला. "बघ, सेम टू सेम."

खरंच सेम होते. एक बोटही पुढेमागे नाही.

तेवढ्यात काका मागून आले. आमचे जोडलेले पंजे बघून मोठ्यांदा हसले. "काय रे, दोघं बांगड्या भरायला निघालात की काय?" मग इतरांना कळावं म्हणून त्यांनी तो विनोद हिंदीत सांगितला, मग इंग्रजीत. सगळे हसले. ताईही हसल्या, म्हणाल्या, "भरा ना, काका, तुमच्या मनगटाला होतील तेवढ्या मोठ्या मिळाल्या तर!" मीही हसलो. त्या दिवसापुरतं पिवळ्याचं नाव 'लेडीज पिस्तूल' पडलं.

फॉर्म भरताना काका माझ्या शेजारी बसले होते.

इथे थांबतो जरा.

गेली दोन वर्षं मी स्वतःला ही गोष्ट अशी सांगत आलोय — काकांनी नोकरी लावलेली, काकांना निळं आवडलेलं, काकांच्या देखत मी वेगळं कसं लिहिणार? ज्यांच्या ओळखीवर आपण उभे त्यांच्या शब्दाबाहेर जायचं नाही, हे आमच्याकडे लहानपणापासून अंगात मुरवतात. ही गोष्ट मला सोयीची होती. तिच्यात मी बिचारा होतो. ती इतक्यांदा घोळवली की मला ती खरीच वाटायला लागली होती.

पण ती खरी नाही. काकांनी माझ्या फॉर्मकडे पाहिलंसुद्धा नव्हतं. मी पेन धरून नुसता बसलो होतो, तेव्हा ते म्हणाले, "अरे, विचार कसला करतोस? वाटलं ते लिही. हात तुझे आहेत." शब्दन् शब्द आठवतो. चांगला माणूस. विनोद करून विसरूनही गेले होते.

मग मी का लिहिलं?

मी निळं लिहिलं. पसंती — निळं. पकड — उत्तम. ट्रिगर — उत्तम. आणि खाली 'आणखी काही' म्हणून चार ओळी मोकळ्या होत्या. तिथे कुणी काही लिहीत नव्हतं. मी लिहिलं. इंग्रजीत लिहिलं, पण मराठीत सांगायचं तर — माझे हात लहान आहेत, तरीही मला निळं वापरताना काहीच अडचण आली नाही. थोड्या सरावाने कुणालाही जमेल.

कुणी विचारलं नव्हतं. नुसतं निळं लिहून गप्प बसलो असतो तरी चाललं असतं. पण मला ते लिहायचं होतं. माझे हात एका बाईच्या हातांएवढे आहेत हे सगळ्यांनी पाहिलं होतं, त्यावर हसले होते आणि मला कुठेतरी, कुणाच्या तरी फाइलमध्ये नोंदवून ठेवायचं होतं की माझं तसं नाही. एवढंच कारण आहे. विसाव्या वर्षी, कमरेला पिस्तूल असताना, मला बांगड्यांची लाज वाटली.

परत जाताना ताईंनी गाडीत विचारलं, "लिहिलंस ना?"

"हो," मी म्हणालो. "पिवळं."

"शहाणा माझा."

निवड निळ्याची झाली. ती तशीही झाली असती. बहुतेकांना तेच आवडलं होतं. माझ्या एका मताने काही उलटंपालटं झालं नसतं, आणि या वाक्याचा मी फार दिवस आधार घेतला. पण मतांचा प्रश्न नव्हताच. नवीन पिस्तुलावर प्रत्येकाला नेमबाजीची परीक्षा द्यायची होती, दोन संधी. ताई पहिल्यांदा थोडक्यात हुकल्या. दुसऱ्यांदाही हुकल्या. जुन्या पिस्तुलावर त्या सात वर्षं एकदाही हुकल्या नव्हत्या. त्यांनी अर्ज केला की मला पिवळं मॉडेल द्या, माझ्या हाताला हे बसत नाही. अशी सूट देता येत होती. मॅनेजरने त्यांना केबिनमध्ये बोलावलं आणि एक कागद समोर धरून वाचून दाखवला. नाव झाकलेलं. तुमच्याच इथल्या एका लहान हातांच्या गार्डने हे लिहिलंय, मग तुम्हालाच सूट कशी द्यायची?

ताईंनी हे मला पार्किंगमध्ये सांगितलं. त्या रडत नव्हत्या. फक्त चेहरा पार उतरला होता, आजारातून उठलेल्या माणसाचा असतो तसा. मला वाटलं, आता त्या माझ्याकडे बघतील आणि ओळखतील. पण त्यांनी बोटांवर हिशोब केला. लहान हातांचे आम्ही तिघंच — त्या, मी आणि मारिसेल. मारिसेल फिलिपिन्सची, ताईंची जेवणाच्या सुट्टीतली मैत्रीण. दोघी डबे वाटून खायच्या. मारिसेलची ताकद दांडगी. तिने निळ्यावर परीक्षा पास केली होती.

"तू तर पिवळं लिहिलंस," ताई म्हणाल्या. "म्हणजे मारिसेलच. माझ्या डब्यातलं खाऊन हे केलं तिने."

ही दुसरी संधी होती. नियमाने दोन संधी मलाही मिळाल्या, असं म्हणा. एक वाक्य पुरलं असतं. सूटसुद्धा मिळाली असती कदाचित — मी केबिनमध्ये जाऊन म्हणायचं होतं, सर, ते खोटं लिहिलं होतं, माझी टार्गेटं काढून बघा. टार्गेटं त्यांच्याकडे ठेवलेली होती. भोकं खोटं बोलत नाहीत.

मी काय केलं? मी म्हणालो, "जाऊ द्या, ताई."

मारिसेलशी ताई पुन्हा बोलल्या नाहीत. मारिसेलला कारण कधी कळलंच नाही. ती मला विचारायची, सुनीता माझ्यावर का रागावलीये? मी खांदे उडवायचो. महिन्याभरात ताईंची नोकरी गेली. ब्रॅम्पटनला वेअरहाउसमध्ये लागल्या, दुपारी तीन ते अकराची शिफ्ट. मुलगी शाळेतून एकटी यायला लागली. किल्ली गळ्यात घालून. हे मला काकांनी सांगितलं, सहज, इकडच्या तिकडच्या गप्पांत.

मी पुढच्या उन्हाळ्यापर्यंत तिथेच काम केलं. निळ्यावर. बोटांचा व्यायाम करायचा स्प्रिंगचा हँडल आणला, रोज दाबत बसायचो, आणि परीक्षा पास झालो — काठावर. मग वॉटर्लूला पुढच्या शिक्षणाला आलो आणि नोकरी सोडली. नातेवाईक आईला म्हणतात, पोरगं प्रामाणिक आहे. मी ताटात मान घालून जेवत राहतो.

मागच्या महिन्यात घरी गेलो होतो. ब्रॅम्पटनला बसमध्ये चढलो तर मधल्या सीटवर ताई. मी ओळख न दाखवता मागे जाणार होतो — हेही सांगून टाकतो. पण त्यांनीच हाक मारली. शेजारची पिशवी उचलून मांडीवर घेतली, मला बसायला जागा केली. केस बरेच पांढरे झालेत. वेअरहाउसमध्ये खोकी उचलून मनगट दुखतं म्हणाल्या, त्याला पट्टा होता. मुलगी आता सातवीत आहे. आठवड्यातले पाच दिवस दोघींची भेट सकाळी अर्धा तास होते. "इंग्रजीतच बोलते माझ्याशी. मराठी बोलायला मी असते कुठं घरी?" असं म्हणून हसल्या.

मग म्हणाल्या, "तुझं भलं होईल बघ. तिथं एवढे लोक होते, खरं लिहिणारा तू एकटा निघालास."

मी खिडकीकडे पाहिलं. बाहेर काही नव्हतं, प्लाझा आणि गाड्या.

"मारिसेल भेटते का रे कधी?"

कधीतरी मेसेज येतो, मी म्हणालो. ते खरं होतं.

"तिला सांग, मी विसरले नाही म्हणावं."

"सांगतो, ताई," मी म्हणालो.

त्यांचा स्टॉप अजून दूर होता. त्या शिफ्टबद्दल बोलत राहिल्या, मी हं हं करत त्यांच्या शेजारी बसून राहिलो.