तात्यांना मास्क काढायला मी सांगितलं

तिसऱ्या लाटेत मला करोना झाला होता. हे मी बायकोलासुद्धा कधी सांगितलं नाही. गावाचा समज असा, की तिन्ही लाटांत डेअरीवाल्याला काही झालं नाही. लोक कौतुकानं तसं बोलतात आणि मी मान हलवतो.

पारनेर तालुक्यातल्या आमच्या गावात माझं दूध संकलन केंद्र आहे. लोक डेअरीच म्हणतात. सकाळ-संध्याकाळ सगळं गाव माझ्यासमोरून जातं. मशीन फॅट सांगतं, पाणी सांगतं, पण दूध आंबायला लागलंय हे आधी नाकाला कळतं. म्हणून किटलीचं झाकण उघडलं की मी वाकून वास घेतो, मगच माप. या नाकाच्या जोरावर मी कितीतरी जणांचं दूध परत पाठवलंय आणि त्यांच्या शिव्याही खाल्ल्यात.

संक्रांत जवळ आली होती. एका सकाळी टँकरवरच्या माणसानं माझा कॅन उघडला आणि तोंड फिरवलं.

"भाऊ, नाक घरी ठिवून आलाय का आज? पार आंबलंय की हे!"

सगळे हसले. मीही हसलो. मग घरात जाऊन हिंगाची डबी नाकाशी धरली. काहीच नाही.

गावातल्या मेडिकलमधून टेस्टचं किट घेतलं असतं तर दुपारपर्यंत सगळ्यांना कळलं असतं. पारनेरला जाऊन आणलं. विहिरीवर मोटारीच्या खोलीत बसून ती कांडी नाकात फिरवली, थेंब टाकले. एक रेघ ठसठशीत आली. दुसरी फिकट, इतकी की नाही म्हणायचं ठरवलं तर नाही म्हणता आलं असतं. मी ती उजेडात धरली, सावलीत धरली, तिरकी करून पाहिली. बाहेर जाऊन पाटावर उभा राहिलो, परत आत आलो. रेघ होतीच. सोबतच्या कागदावर छापलं होतं, फिकट असली तरी पॉझिटिव्हच. किट तिथंच जाळून टाकलं.

दुसऱ्या लाटेत शेजारच्या गावची डेअरी बंद पडली तेव्हा लोकांनी दूध ओढ्यात ओतलं होतं. मी स्वतःला तेच सांगत राहिलो, की गावाचं दूध वाया जाईल. पण खरं कारण ते नव्हतं. रस्त्यापलीकडं नवी डेअरी निघाली होती. माझी चार दिवस बंद राहिली असती तर माणसं तिकडं गेली असती आणि परत आली नसती. भीती होती ती एवढीच.

राहिला प्रश्न वासाचा. मळ्यातले एक म्हातारे रोज दूध घालायला यायचे. आम्ही सगळे त्यांना तात्या म्हणायचो. दूध घालून झालं तरी ते बाकड्यावर बसून राहायचे. टीव्हीवर ऐकलेल्या व्हेरियंटवर त्यांचं स्वतःचं मत होतं. "डेल्टा म्हंजी खिलार. शिंग लावल्याबिगर सोडत न्हाई. ह्यो नवा ओमिक्रॉन जर्सी हाय, जरा ऊन लागलं की बसतोय खाली." बोलणं असं, पण मास्क कायम नाकावर. त्यांना शुगर होती, आणि पुण्यात कंपनीत असलेल्या मुलानं फोनवर दम दिला होता.

मी त्यांना म्हणालो, "तात्या, मला जरा सर्दी झालीय. दुधाचा वास तुमी बघता का?"

"आता आली का पंचाईत? मशीन आनलं नवं, आन् नाक म्हाताऱ्याचं!" ते खुशीत उठले. पण मास्कमधून त्यांना नीट कळेना.

"मास्क काढा की, तात्या. हितं कोन परकं हाय?" मी म्हणालो.

त्यांनी मास्क हनुवटीवर ओढला. त्या दिवसापासून रोज सकाळी ते माझ्या खांद्याला खांदा लावून उभे राहायचे, प्रत्येक किटलीवर वाकायचे, ऐटीत मान डोलवायचे. मला सर्दी नाही हे मला माहीत होतं.

भोगीच्या दिवशी त्यांचा मुलगा आला. घसा जरा खवखवतोय म्हणत होता. संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी तात्यांना ताप भरला. "चहाला चव न्हाई, तिळगूळबी माती लागतोय," असं ते बायकोला म्हणाले. आरोग्य केंद्राची माणसं आली, शाळेच्या ओट्यावर सगळ्यांची रॅपिड टेस्ट झाली. तात्या पॉझिटिव्ह, मुलगा पॉझिटिव्ह. मीही रांगेत उभा राहिलो. माझे दिवस उलटून गेले होते. निगेटिव्ह.

"बघा, दिसभर मानसांत बसून निगेटिव्ह! दूध पितोय गडी," कुणीतरी म्हणालं.

तात्यांना नगरला नेलं. ते तिथंच गेले.

मग बोलणं सुरू झालं. "पोरानं पुन्यावरनं संक्रांतीचं वाण आनलं बापाला." हे माझ्याच बाकड्यावर बसून. आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरीणबाई सांगून थकल्या, की या टेस्टमध्ये व्हेरियंट कळत नाही, कुणाकडून कुणाला गेला तेही कळत नाही. कुणी ऐकलं नाही. मी ऐकलं, आणि मापं घेत राहिलो.

दहाव्यानंतर मुलगा स्वतः दूध घेऊन आला. झाकण काढलं आणि त्यानंच सांगितलं, "काका, आज जरा आंबूस वाटतंय, बघा." त्याचं नाक शाबूत होतं. तात्यांची चव गेली, माझा वास गेला, आणि याला नुसती खवखव. जुन्या व्हेरियंटमध्ये वास-चव जास्त जाते, नव्यात कमी, असं तेव्हा पेपरात येत होतं. त्यावरून सिद्ध काहीच होत नाही. पण तात्यांचं लक्षण माझ्याशी जुळत होतं, त्याच्याशी नाही.

तो थांबला. मशीनकडं बघत म्हणाला, "काका, मीच आणला का हो?"

तेव्हा डेअरीत आम्ही दोघंच होतो. एक वाक्य बोलायचं होतं.

"आता ते काढून काय उपयोग?" मी म्हणालो.

त्यानं ते 'हो' असंच घेतलं. मला ते दिसलं, आणि मी त्याला तसं घेऊ दिलं.

त्यानंतर तो वर्षश्राद्धापुरता आला आणि जेवणं उरकताच गेला. दूध आता त्याची आई आणते. परवा मी विचारलं, दिवाळीला येणार का? "कशाचा येतोय? म्हनतो, लोकं बघत्यात." किटली उचलता उचलता ती पुढं बोलली, "त्यो तवा आला नसता, तर हे असते." आईच असं म्हणते. मी तिला पावती दिली.

हे लिहिताना मी दोनदा उठून फाटकापर्यंत जाऊन आलो. फोन हातात घेतला, त्याचा नंबर काढला, ठेवून दिला. फोनवर सांगण्यासारखं नाही, हीसुद्धा माझी सबबच असेल. आजार माझ्याकडूनच गेला का, ते मला कधीच कळणार नाही, आणि त्याआड मी पुरेसा लपलो. जे नक्की माहीत आहे ते एवढं आहे. तो गावात पाऊल टाकण्याआधी मी पॉझिटिव्ह होतो, मला ते ठाऊक होतं, आणि त्याच्या वडिलांना मास्क काढायला मी सांगितलं. हे त्या मायलेकांना समोर बसवून सांगायचं माझ्याकडून अजून बाकी आहे, आणि ज्या बाकड्यावर त्याला दोष दिला गेला तिथं, गावादेखत, तो दोष माझ्याकडं घ्यायचाही बाकी आहे.