भावजयीची म्हैस

नातीच्या शाळेत पुण्याहून एक कोटवाले साहेब आले होते. नववीच्या पोरांना धड वाचता येत नाही, कारण त्यांच्यात आत्मविश्वास नाही, असं त्यांचं म्हणणं. पोरगा आणि सून कामावर, म्हणून पालक म्हणून मी मागं बसलो होतो. साहेबांनी सगळ्यांना डोळे मिटायला लावले आणि ‘मी वाचू शकतो’ असं ओरडायला लावलं. डोळे मिटून वाचायचं कसं, ते सांगितलं नाही. चहा पिऊन गेले.

माझं शिक्षण तिसरीपर्यंत. तरी बाईंना विचारलं, "ही वाचताना अडखळली की बाकीची पोरं काय करतात?"

"हसतात हो आजोबा. वयच तसं आहे."

"मग हिचा आत्मविश्वास त्यांच्याकडं गेला असंल. तेवढा परत द्यायला सांगा की."

बाई म्हणाल्या, घरी प्रेरणा द्या.

रिक्षात नात म्हणाली, "आबा, मी शाळा सोडते. शिलाईच्या कारखान्यात जाते. तितं वाचायला लागत न्हाय."

ती थट्टा करत नव्हती.

हीच पोरगी गेल्या वर्षापर्यंत रोज पेपर वाचायची. माझी म्हातारी भाकरी थापायची आणि ही शेजारी बसून तिला चोऱ्यामाऱ्या वाचून दाखवायची. म्हातारीला अक्षरओळख नव्हती, त्यामुळं चुका काढायला कुणी नव्हतं. पोरीनं एखादा शब्द गिळला तरी चालायचं, चोर तेवढा सापडला पाहिजे. श्रावणात म्हातारी गेली. पेपर चालू राहिला, डबे ठेवायच्या फळीवर अंथरायला.

दुसऱ्या दिवशी मी शेंगा फोडत बसलो आणि पेपर पोरीपुढं टाकला. कुणा दिरानं विधवा भावजयीची म्हैस परस्पर विकली होती. पोरगी ‘परस्पर’ला अडली. माझी जीभ वळवळली. तोंडात मूठभर दाणे कोंबले. तिचं तिनंच ओढलं पुढं.

"मग?" मी विचारलं.

"आजी असं विचारत नव्हती."

"मग कसं?"

"ती दिराला शिव्या द्यायची."

दिली मग एक, यंत्रमागावर शिकलेली. पोरगी खुदकन हसली. म्हणाली, "आजीची ह्यापेक्षा भारी असायची," आणि खालची ओळ धरली.

शाळेत अजून अडखळते. पण कारखान्याचं नाव काढत नाही, आणि पेपर आला की माझ्याआधी उचलते. परवा दारातूनच ओरडली, "आबा, म्हैस घावली. दुधनीच्या बाजारात. दीर म्हणतोय, तिची तीच चालत गेली."

हे ऐकायला म्हातारी पाहिजे होती. तिनं त्याच्या सात पिढ्या काढल्या असत्या. मला दोन पिढ्यांच्या पुढं बोलवेना. उरलेल्या पिढ्या पोरीनं काढल्या.