रिबन माईकवरची फुंकर

आमच्या गावी शाळेच्या गॅदरिंगला माईक चालू आहे की नाही, हे फुंकर मारून बघत. हीच विद्या मी अंबरपेठेत, नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात, किशनरावांच्या स्टुडिओतल्या रिबन माईकवर चालवली. आतली केसाहून पातळ पट्टी फाटली.

किशनराव एवढंच म्हणाले, "अरे हौले, खुळ्या, त्या साध्या डायनॅमिक माईकने खिळे ठोकले असतेस तरी तो चालला असता. ह्याला वारासुद्धा लागतो."

त्या दिवशी त्यांच्या बायकोची, विमलाबाईंची, अंगाई रेकॉर्ड करायची होती. दुसऱ्या दिवशी त्यांच्या गळ्याचं ऑपरेशन होतं आणि मग आवाज राहणार नव्हता. पस्तीस वर्षं लोकांचे गळे टिपणाऱ्या किशनरावांनी घरचा गळा कधी टिपलाच नव्हता. "ती कुठे जातेय?" म्हणायचे.

शेवटी बाई डायनॅमिकवर गायल्या. शब्द ठणठणीत आले, पण आवाजातली ऊब त्यात उतरलीच नाही. ऐकून त्या हसल्या, "ही कोण हो, बाजारात भाजी विकणारी?" किशनराव हसले नाहीत.

नवी पट्टी बसवून माईक परत आला, तोवर बाई पाटीवर लिहून बोलायला लागल्या होत्या. माझ्यासमोर त्यांनी पाटी धरली: "माझी अंगाई तुझ्यावर उधार. चाल ऐकलीस ना? तूच गा."

मी माईकसमोर बसलो. किशनरावांनी बटण दाबलं. डोळे मिटून बाई वाट बघत राहिल्या. फुंकर मारताना भरपूर असलेला माझा श्वास तेव्हा कुठे गेला, कुणास ठाऊक.

ती अंगाई अजून माझ्याकडे बाकी आहे.