खिडकीबाहेरची मान

बारक्या दोनदा नापास झाला, आणि दोन्ही वेळा एकाच जागी.

जव्हारच्या ड्रायव्हिंग केंद्रात एका मोठ्या पडद्यासमोर खुर्ची आहे, स्टिअरिंग आहे, पायाशी पेडल आहेत. गाडी नाही. स्टिअरिंग फिरवलं की ते कुठल्याही वायरीशिवाय पलीकडच्या कॉम्प्युटरला कळतं आणि पडद्यावरचा रस्ता वळतो. बारक्याने घाट नीट उतरवला होता. उतारावर गाडी न्यूट्रल केली नाही, वळणावर हॉर्न दिला. मग गाडी मागे घ्यायची वेळ आली. त्याने सवयीने उजव्या बाजूला वाकून मान बाहेर काढली, मागचं चाक बघायला. चाक नव्हतं. फरशी होती आणि फरशीवर त्याच्याच चपला होत्या. पडदा लाल झाला, ‘चालक दिसत नाही’ अशी पाटी आली आणि गाडी उभी राहिली.

पडद्याच्या डोक्यावर कॅमेरा होता. ड्रायव्हरचा चेहरा त्याच्यासमोरून हलला की यंत्राच्या लेखी खुर्ची रिकामी. मागचं बघायचं तर पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात आरसा काढलेला होता, पोस्टाच्या तिकिटाएवढा. केंद्रातली रविना, जामसरची मुलगी, हे सगळं शांतपणे समजावून सांगत असे. आरसा मोठा करा असं तिने कंपनीला दोनदा कळवलं होतं. सूचनेबद्दल आभार मानणारं उत्तर दोन्ही वेळा आलं होतं.

बारक्या पन्नाशीला आलेला. तरुणपणी भिवंडीकडच्या वीटभट्टीवर विटा वाहिल्या, मग रेतीच्या ट्रकवर क्लीनर झाला, तिथेच गाडी शिकला. गेली कित्येक वर्षं उन्हाळा लागला की तो सूर्यमाळच्या पाड्यांना टँकर नेतो. विहिरीपर्यंत रस्ता सरळ जात नाही. वरच्या वळणापासून गाडी उलटी न्यावी लागते, विहिरीच्या कठड्याला टेकेपर्यंत. मग पाणी आत सोडायचं आणि बायांनी ते पोहऱ्याने परत उपसायचं.

यंदा ठेकेदाराने अट घातली होती. यंत्रावर पास होईल त्यालाच टँकरची चावी. निकाल परस्पर त्याच्या मोबाइलवर जात होता, त्यामुळे रविनाच्या हाती काही नव्हतं. चावी नाही मिळाली तर बारक्याला पुन्हा भट्टीवर जावं लागणार होतं. त्याच्या पाठीत आता विटा उचलायचं बळ नव्हतं आणि ठकीच्या, म्हणजे बायकोच्या, गुडघ्यांत तर नव्हतंच. दोघं याबद्दल बोलत नसत. भट्टीला न्यायच्या भांड्यांचं बोचकं ठकीने बांधून आढ्याला टांगून ठेवलं होतं, तेवढंच.

तिसऱ्या वेळी बारक्याने खांद्यावरचा टॉवेल काढला, छातीवरून घेऊन खुर्चीच्या पाठीला गाठ मारली आणि स्वतःला बांधून घेतलं. रविना बघत राहिली.

“दादा, हे काय?”

“बैल नांगराला बांधतात, तसा बांधलाय मी मला. चालू कर.”

रिव्हर्सच्या वेळी खांदा उजवीकडे ओढला, टॉवेल ताणला गेला, मान जागेवर राहिली. डोळे बारीक करून तो तिकिटाएवढ्या आरशात बघत राहिला. पडद्यावरच्या विहिरीभोवती फक्त पिवळे खांब होते. एकालाही धक्का न लागता गाडी मागे गेली. निकाल ठेकेदाराकडे पोचला आणि संध्याकाळी चावी मिळाली.

टँकरमध्येही आता तसलाच कॅमेरा बसवला होता, काचेच्या वर, आत सिमकार्ड असलेला. गाडी कुठे आहे आणि ड्रायव्हर कुठे बघतोय, दोन्ही तो कळवतो. पहिल्या दिवशी बारक्याने सीटलाही टॉवेल बांधला. घाट चढला. वरच्या वळणापासून गाडी उलटी घेतली आणि आरशात पाहिलं. आरशात धूळ होती. धुळीच्या आत हंडे वाजत होते. टँकर दिसला की बाया जागा धरायला विहिरीशी धावतात, उलट्या येणाऱ्या गाडीच्या मागेच उभ्या राहतात. दरवर्षी तो मान बाहेर काढून शिव्या देतो आणि त्या हसत बाजूला होतात. शिवी ऐकू आली नाही तर सरकायचं नाही, अशीच त्यांची रीत पडली होती. आज गाडी गप्प येत होती म्हणून त्या निवांत उभ्या होत्या.

बारक्याने ब्रेक दाबला. टॉवेलची गाठ सोडली आणि कमरेपर्यंत बाहेर वाकला.

“सकू, मरायचंय का? हो बाजूला.”

“तोंड शिवून आला का काय आज?” सगळ्यांत पुढे उभी असलेली सकू म्हणाली आणि हंडा उचलून सरकली.

आत कॅमेऱ्याचं यंत्र वाजत राहिलं. त्याने वाजू दिलं.

सूर्यमाळला रेंज नव्हती, त्यामुळे तिथे काहीच झालं नाही. टँकर रिकामा करून तो मोखाड्याजवळ उतरला, यंत्राला रेंज मिळाली आणि साठलेलं सगळं एकदम गेलं. थोड्याच वेळात ठेकेदाराचा फोन आला.

“बारक्या, रिव्हर्सला गाडीत तू दिसतच नाहीस. कोण चालवत होतं?”

“मीच होतो शेठ. मान बाहेर होती.”

शेठ चिडला नाही. नियम वरून आलाय म्हणाला. उद्या पुन्हा केंद्रात जाऊन बसायचं, पास झाला तर चावी, नाहीतर दुसरा माणूस बघतो. उद्या पाड्याला कोण जाणार, असं बारक्याने विचारलं. उद्या टँकर नाही, असं उत्तर आलं.

दुसऱ्या दिवशी केंद्रात खुर्ची रिकामीच होती. रविनाने त्याला बघितलं. यंत्र सुरू केलं, मग म्हणाली, “टॉवेल आणलाय ना, दादा?”

त्याने गाठ मारली. पिवळ्या खांबांमधून गाडी मागे नेली. पास झाला. घरी आला तेव्हा ठकी चुलीशी बसली होती. चावी मिळाली का, एवढंच तिने विचारलं. मिळाली, पण पुन्हा जाईल, असं तो म्हणाला. बोचकं आढ्यालाच राहिलं.

सकाळी टँकर भरून तो सूर्यमाळच्या वरच्या वळणाला थांबला. खाली हंडे वाजत होते. टॉवेल त्याने खांद्यावरच राहू दिला, खिडकीची काच पूर्ण खाली केली आणि मान बाहेर काढली.