पिल्लांच्या खोलीतला धूप

पिल्लांच्या खोलीत धूप घालायची कल्पना सर्वस्वी माझी. बायको तिच्या आईच्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी पिंपळगाव राजाला गेली होती आणि तिची कोंबडीची पन्नासेक कोवळी पिल्लं माझ्या हवाली होती. जाताना तिनं एवढंच बजावलं, की खिडकीची वरची फट बुजवू नका. पण बाहेर थंडी मरणाची, आणि गेल्या वर्षीची सगळी पिल्लं पहिल्याच आठवड्यात गारठून गेलेली. तेव्हा पिल्लांभोवतीचं पत्र्याचं कडं गुंडाळून तिनं माळ्यावर टाकलं आणि दोन दिवस धड जेवली नाही. यंदा मोठ्या मुश्किलीनं ते खाली आलं होतं. ही पिल्लंही गेली असती तर ते पुन्हा कधी खाली आलं नसतं. म्हणून मी फट बुजवली, वर अख्ख्या खिडकीला पोतं ठोकलं, उबेसाठी टांगलेला दिवा खाली ओढला, आणि राहिलेलं देवीनं बघावं म्हणून निखाऱ्यावर गुग्गुळ टाकून दार लावून घेतलं.

जपाची माळ घेऊन कोपऱ्यात बसलो. धुरात दिव्याचा उजेड हळदीसारखा पिवळा झाला होता. पिल्लांची चिवचिव दुरून वाहणाऱ्या पाण्यासारखी वाटू लागली आणि माझा डोळा लागला. स्वप्नात मी देवीच्या सभामंडपात होतो. सगळीकडे पिवळी वस्त्रं नेसलेली लहान लहान माणसं बसली होती, भजन चाललं होतं, आणि भजनाचा आवाज हळूहळू बारीक होत होता. तो फारच बारीक झाला तेव्हा मी जागा झालो.

पिल्लं दिव्यापासून दूर, दाराकडच्या कडेला एकमेकांवर चढली होती. चोची उघड्या, पंख लोंबलेले. दोन आडवी. मी अक्कल लढवली, की यांना थंडी वाजतेय. दिवा आणखी खाली घेतला, आणखी गुग्गुळ टाकला. चोची आणखीच वासल्या. फोन करावा तर बायको ऑपरेशनच्या खोलीबाहेर बसलेली. एरवी मी देवीला काम सांगतो तेव्हा ते कसं करायचं हेही सांगतो. त्या वेळी पहिल्यांदाच नुसते हात जोडले आणि म्हणालो, आई, मले काही समजत नाही, तूच पाह्य.

टर्रकन आवाज झाला. पोतं बाहेरून ओढलं जात होतं. पाहतो तर शेजारच्या काकूंची बकरी, पुढचे पाय खिडकीवर टेकून, डोळे अर्धवट मिटून पोतं चघळतेय. मी खराटा उचलला आणि तिच्या तोंडावर हाणला. ती गेली, पण पोतं सोबत घेऊनच.

धुक्याची गार हवा आत आली, धूर तिच्या वाटेनं बाहेर निघाला. मी खिडकीला लावायला चादर शोधत होतो, तेवढ्यात चिवचिव पुन्हा ऐकू आली. चोची मिटत होत्या. एक पिल्लू पाण्याकडे गेलं. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. निखारे बाहेर नेले, दिवा वर घेतला. हळूहळू पिल्लं दिव्याभोवती पांगली, पंगतीला बसावी तशी ऐसपैस. आडवी झालेली दोन मात्र उठली नाहीत. त्यांना मी कडुनिंबाखाली पुरलं.

ती बकरी रोजच तिथून जाते आणि पोतं दिसलं की चघळते. मी काही दावा करत नाही. पण तेव्हापासून देवीपुढे बसलो की काम सांगतो आणि गप्प राहतो. कसं करायचं, कुणाला धाडायचं, ते तिचं ती पाहते. कितीदा तरी उगीच डोळे भरून येतात.

त्याच संध्याकाळी बायको आली. दारातच तिला धुपाचा वास आला. मी सगळं सांगितलं, त्या दोन पिल्लांचंही. ती कड्याशी बसली, एक पिल्लू तळहातावर घेऊन तिनं त्याचे पंख चाचपले. मग म्हणाली, "म्हंजे तुमी बलावली म्हून देवी दारात आली, अन् तुमी तिले खराट्यानं हानलं."