‘कोनी तपासं?’ विचारणारे देवरे सर

एम.एस्सी.ला असताना केळीच्या करपा रोगावरच्या माझ्या निबंधातले सगळे संदर्भ मी फवारणीची औषधं विकणाऱ्या एका कंपनीच्या मासिकातून घेतले. ते आमच्या शिरपूरच्या बियाण्यांच्या दुकानात फुकट यायचं. गुळगुळीत कागद, रंगीत आलेख, प्रत्येक लेखकाच्या नावाआधी ‘डॉक्टर’. मला वाटलं, संशोधन म्हणतात ते हेच.

धुळ्याच्या कॉलेजात देवरे सर माझे मार्गदर्शक. त्यांची सही झाल्याशिवाय निबंध विद्यापीठात जात नसे, आणि निबंध गेल्याशिवाय पदवी नव्हती. कुठलाही अंक हातात आला की सर तो मागून उघडत. लेख निवडतं कोण, ते आधी बघत. माझं मासिकही त्यांनी तसंच उलटं धरलं. सर मूळचे साक्रीकडचे. वैतागले की अहिराणीत उतरत.

“बठ्ठं चकचकीत शे. कोनी तपासं?”

“कंपनीच्याच शास्त्रज्ञांनी, सर.”

“बहिणीला स्थळ आलं, तर मुलाची चौकशी कुठं करशील? त्याच्या बापाकडे?”

“नाही सर. गावात, दुसऱ्या गल्लीत. बाप चांगलंच सांगणार.”

“मग लेखाचं काय वेगळं? त्याच विषयातला, पण लेखकाशी घेणं ना देणं असा माणूस आधी वाचतो, चुका काढतो. त्यातून उरलं तर छापतात. तसला आण.”

तसला ओळखायचा कसा, तेही त्यांनी दाखवलं. पहिल्या पानाच्या तळाशी बारीक अक्षरात दोन तारखा असत : लेख आला कधी आणि दुरुस्त होऊन परत आला कधी. “या दोन तारखांच्या मधे लेखक रडलेला असतो,” सर म्हणत. सगळेच अंक तारखा देत नाहीत, तेव्हा मागचे नियम वाचायचे, असंही बजावत.

मी कृषी महाविद्यालयाच्या ग्रंथालयातून खरंखुरं नियतकालिक शोधलं आणि मोठ्या तोऱ्यात त्यातलं संपादकीय उतरवून नेलं. संपादकीय संपादक स्वतःच लिहितो, ते कुणाकडे तपासायला जात नाही, हे सरांनी सांगितलं. मग म्हणाले, “घर बरोबर गाठलंस. पण नवरदेव सोडून भटजीला पसंत करून आलास.”

त्यानंतर मी जगभरच्या लेखांच्या सारांशांचे जाडजूड खंड चाळायला शिकलो. जो लेख इथे मिळत नसे, त्याच्या लेखकाला पोस्टकार्ड टाकून प्रत मागवायची. निबंध नव्याने लिहून झाला तेव्हा सर जळगावला दवाखान्यात होते. त्यांच्या पत्नीला सगळे अक्का म्हणत. निबंध घेऊन तिथं गेलो, तर मला बघताच अक्का म्हणाल्या, “हाच का तो कंपनीच्या मासिकवाला?”

डॉक्टर रक्ताचा रिपोर्ट घेऊन आले. सरांनी विचारलं, “कोनी तपासं?” डॉक्टर हसले, आम्हीही हसलो. माझा निबंध सरांनी उशीखाली ठेवला. मी पेन पुढे केलं, तर म्हणाले, “सही मग. आधी वाचतो.”

वाचायचं राहूनच गेलं. त्याच आठवड्यात सर गेले. अक्कांनी उशीखालून निबंध काढून माझ्या हातात दिला. मी बसस्टँडवर चहा घेतला. त्यात साखर जास्त होती, एवढंच आठवतं. घरी आलो तर पोस्टाने मागवलेल्या एका लेखाची प्रत येऊन पडली होती. मी पहिल्या पानाच्या तळाशी बघितलं. दोन्ही तारखा होत्या. त्यांच्याकडे बघत बसलो. रडू वगैरे काही आलं नाही.

नव्या मार्गदर्शकांनी निबंध न उघडता, उभ्या उभ्याच सही केली. मला बरंच वाटलं. पदवी मिळाली. बांधणी केलेली प्रत आणि पेढे घेऊन मी अक्कांकडे गेलो. त्यांनी प्रत घेतली आणि सरांसारखीच मागून उघडली.

“नव्या सरांनी काय काय चुका काढल्या?”

“काही नाही, अक्का. वाचलं नाही त्यांनी. सही केली.”

अक्कांनी हातातला पेढा परत पुड्यात ठेवला.

“म्हणजे पुन्हा कंपनीचंच मासिक घेऊन आलास.”